खालिद जमील यांना मुदत द्यावी

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्याच्या मैदानावर बांगलादेशाने भारतीय फुटबॉल संघाचा १-० असा पराभव केला. आणि बावीस वर्षांनी या शेजाऱ्याकडून हार पत्करावी लागल्याचे दुःख ओसरण्यापूर्वीच, मुख्य प्रशिक्षक बदलावा ही आपल्याकडील प्रत्येक पराभवानंतरची ठरलेली भाषा पुन्हा कानी पडू लागली. २०२७ साली सौदी अरेबियात होणाऱ्या आशियाई चषकाचे दार त्यापूर्वीच बंद झालेले होते. हाँगकाँग, सिंगापूर व बांगलादेश या गटात पहिल्या पाच सामन्यांत आपल्याला एकही विजय मिळाला नाही, आणि जागतिक क्रमवारीत आपण १४२ व्या स्थानी घसरलो. या खेळावर ज्यांचा जीव आहे त्यांच्या संतापात आम्ही पूर्णतः सहभागी आहोत. परंतु त्या संतापाचा पहिला बळी खालिद जमील यांना करणे हे अन्यायाचे तर होईलच, शिवाय गेली कित्येक वर्षे आपण जी एकच चूक करीत आलो तिचीच ती पुनरावृत्ती होईल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जमील यांच्या हाती काय सोपविले गेले, हे प्रथम पाहिले पाहिजे. १ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांचे पूर्वाधिकारी, स्पेनचे मानोलो मार्केझ, आठ सामन्यांत अवघा एक विजय मिळवून पायउतार झालेले होते, आणि आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत दोन सामन्यांनंतर भारताच्या खाती एक गुण जमा होता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ व त्याचे व्यापारी भागीदार यांच्यामध्ये २०१० साली झालेल्या पंधरा वर्षांच्या करारनाम्याची मुदत डिसेंबरात संपणार, आणि पुढील व्यवस्थेबाबत काहीच निर्णय नाही, म्हणून इंडियन सुपर लीग जुलै महिन्यातच तहकूब ठेवण्यात आली होती. काही क्लबांनी सराव थांबविला, काहींनी वेतनही रोखले. ज्या खेळाडूंना उद्या आपला क्लब राहील की नाही याची शाश्वती नव्हती, आणि ज्यांच्या पायांना कित्येक आठवडे खऱ्या सामन्याचा स्पर्श नव्हता, अशा खेळाडूंना गोळा करून नव्या प्रशिक्षकाने बंगळूरला शिबिर भरविले. त्यातही देशातील सर्वांत मातबर क्लबाने आपले खेळाडू पाठविले नाहीत.

अशा स्थितीत हा संघ मध्य आशियातील स्पर्धेसाठी ताजिकिस्तानात गेला आणि पहिल्याच सामन्यात त्याने यजमानांना २-१ असे हरविले. त्या सामन्यातील पहिल्या काही मिनिटांचा खेळ ज्यांनी पाहिला त्यांना या प्रशिक्षकाची कार्यपद्धती उमगली असेल. महंमद उवैस हा बचावपटू जमील यांनी जमशेदपूरचे प्रशिक्षक असताना पारखलेला. त्याने सीमारेषेवरून दोन्ही हातांनी चेंडू थेट गोलाच्या तोंडाशी भिरकावला, तेथे दाटीवाटीत भारताचे उंच बचावपटू आधीच येऊन थांबलेले होते, आणि अन्वर अलीने पाचव्याच मिनिटाला गोल केला. प्रेक्षणीयतेच्या कसोटीवर हा खेळ उतरणार नाही. परंतु हाताशी जे गुण आहेत त्यांची नेमकी मोजदाद करून त्यांतूनच शस्त्र घडविणे ही संघबांधणीची पहिली अट आहे, आणि ती येथे पुरी झालेली दिसत होती. पुढे इराणकडून आपण ०-३ हरलो, परंतु तिसऱ्या स्थानाच्या सामन्यात ओमानला, ज्याला आपण तोवर कधीही नमविलेले नव्हते, बरोबरीनंतर पेनल्टींवर नमविले.

ही हातोटी जमील यांनी अभावातच मिळविलेली आहे. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया व मुंबई एफसी या मुंबईच्या संघांतून, तसेच देशाकडूनही खेळलेल्या या गृहस्थांनी २००९ पासून सात हंगाम मुंबई एफसीचे प्रशिक्षकपद सांभाळले, आणि तुटपुंज्या साधनांच्या त्या संघाला एकदाही खालच्या श्रेणीत जाऊ दिले नाही. २०१६ साली त्यांनी तो संघ सोडला आणि ते मिझोरमच्या ऐझॉल एफसीकडे गेले. हा संघ आदल्या वर्षी श्रेणीतून खाली घसरलेला होता. गोव्याच्या क्लबांनी स्पर्धेतून अंग काढून घेतल्यामुळेच त्याला पुन्हा प्रवेश मिळालेला. मुंबई एफसीचे आशुतोष मेहता व जयेश राणे हे आपले जुने खेळाडू जमील यांनी सोबत नेले, स्थानिक मिझो तरुणांत त्यांना बेमालूम मिसळले, आणि ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग येथील बरोबरीने ऐझॉल आय-लीगचा विजेता ठरला. ईशान्येकडील क्लबाने देशाचे विजेतेपद पटकावण्याचा तो पहिला प्रसंग होता. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाशी जाऊन श्रेणीबाहेर पडला आणि पुढे बंदही झाला. या दोन संघांच्या नशिबातील अंतर पाहिले म्हणजे संघ जाणणारा माणूस गमावण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

अवधी द्या असे आम्ही म्हणतो ते आपल्याच इतिहासाच्या आधारावर. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, आमचे कित्येक खेळाडू अनवाणी खेळत असताना, युगोस्लाव्हियाने भारताचा १-१० असा धुव्वा उडविला होता. त्या संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. ज्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी पाच वर्षे ओळीने मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स चषक जिंकला, तेच हे रहीम. आजचा जमाना असता तर त्या दहा गोलांनंतर त्यांचे नाव पुन्हा कोणी उच्चारले नसते. परंतु बूट सक्तीचे झाले, खेळाची रचना बदलली, आणि त्याच रहीम यांच्या हाताखाली चार वर्षांनी मेलबर्नला मुंबईच्या नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून भारताला ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत नेले. १९६२ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी ०-२ हरला. पुढे जर्नैल सिंग या बचावपटूच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली, तेव्हा रहीम यांनी त्याला आघाडीवर खेळविण्याची तजवीज केली. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला, आणि ज्या कोरियाकडून हार झाली होती त्याच कोरियाला अंतिम सामन्यात २-१ नमविताना दुसरा गोलही त्याचाच होता. त्या वेळी रहीम कर्करोगाने ग्रासलेले होते. पुढल्या जून महिन्यात त्यांचे निधन झाले. हेलसिंकी ते जाकार्ता हे अंतर दहा वर्षांचे आहे.

यावरून जमील यांचे काहीच चुकले नाही असा आमचा दावा नाही. ऑक्टोबरात सिंगापुरात दहा खेळाडूंनिशी मिळविलेली बरोबरी कौतुकास्पद होती. परंतु पाचच दिवसांनी मडगावच्या फातोर्डा मैदानावर, लालियनझुआला छांगटेने चौदाव्या मिनिटाला आघाडी मिळवून दिल्यावर संघ जो क्रमाने मागे सरकत गेला, आणि १-२ अशी हार ओढवून घेता झाला, त्याचे उत्तर प्रशिक्षकाने दिले पाहिजे. सुनील छेत्री यांना वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी पुन्हा पाचारण करणे हेही आम्हाला रुचले नाही. पंचाण्णव आंतरराष्ट्रीय गोलांच्या या थोर खेळाडूविषयी आमच्या मनात निस्सीम आदर आहे. २०२४ च्या जून महिन्यात कोलकात्याला त्यांचा निरोप-सामना झाला तेव्हा देशभरच्या प्रेक्षकांचे डोळे पाणावले होते. परंतु त्यांच्या जागी कोण, हा प्रश्न त्यानंतर महिनोन् महिने टाळला गेला.

तो टाळला जाण्याचे कारण मात्र प्रशिक्षकाच्या अखत्यारीबाहेरचे आहे. आपल्या लीगमध्ये एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात असू शकतात, आणि बहुतेक क्लब त्यांतला एक तरी गोलासमोरच्या मोक्याच्या जागी उभा करतात. मग भारतीय मुलगा बगलेवर धावतो, बचाव करतो, पण ऐन गोलासमोर, क्षणार्धात निर्णय घेण्याच्या त्या जागी त्याला उभे राहण्याची सवयच होत नाही. परदेशस्थ भारतीय वंशजांना संघात घेण्याचा मार्ग आता खुला होत आहे. ज्यांच्या आजोबांनी मुंबईकडून संतोष करंडक खेळला त्या रायन विल्यम्स यांनी ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे पत्करले, हे आम्हाला मनापासून स्वागतार्ह वाटते. परंतु तिशी ओलांडलेल्या खेळाडूवर पुढल्या दशकाची उभारणी होणार नाही. ती नौशाद मूसा यांच्या तेवीस वर्षांखालील संघावर होईल, ज्याने सप्टेंबर २०२५ मध्ये बहारीनला २-० असे हरविले. या मुलांना मुख्य संघात आणावे, हरले तरी खेळवावे, आणि महासंघाने त्या हारींचा हिशेब प्रशिक्षकाच्या नावे मांडू नये.

राष्ट्रीय संघासाठी खेळाडू घडविण्याच्या कामी महाराष्ट्राने काय दिले? महिंद्रचा संघ २०१० साली बंद झाला, एअर इंडियाचा काळाच्या ओघात संपला, पुणे एफसी व डीएसके शिवाजियन्स गेले. नोकरीच्या हमीवर खेळाडू घडविणारी ती सारी व्यवस्था लयाला गेली, आणि तिची जागा कोणी घेतली नाही. तरीही कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब हे संघ समोरासमोर आले की पेठाच्या पेठा कामधंदा सोडून मैदानावर लोटतात, आजोबा-नातू एकाच संघाच्या रंगाचे निशाण घेऊन बसतात. आणि याच शहराचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. एवढी आवड असलेल्या गावातून राष्ट्रीय संघात खेळाडूंची रांग लागत नाही, याचा जाब प्रशिक्षकाने नव्हे, राज्य संघटनेने द्यावयाचा आहे. तेरा वर्षांखालील मुलामुलींसाठी शासनाने हाती घेतलेल्या ‘महादेवा’ योजनेचे आम्ही स्वागत करतो, मात्र तीत कोल्हापूरच्या तालमींना अधिकृत स्थान असले पाहिजे.

महासंघाकडे आमची मागणी तीन शब्दांची नाही, पण लांबलचकही नाही. लीगचे वेळापत्रक दरवर्षी हंगामापूर्वी जाहीर व्हावे आणि ते कोणत्याही करारनाम्याच्या वादात अडकू नये. राष्ट्रीय शिबिरासाठी खेळाडू सोडणे क्लबांना बंधनकारक असावे. आणि २०३० च्या विश्वचषकाची पात्रता फेरी पुरी होईपर्यंत खालिद जमील यांना, खेळाडू निवडण्याच्या संपूर्ण अधिकारासह, पदावर कायम ठेवण्याचा ठराव कार्यकारिणीने आगामी बैठकीत संमत करावा.