फाळक्याजवळचा माल

खरड छाटणी आटोपली की आमच्या पिंपळगावात आता नवीनच टूम निघाली आहे. गाडी काढायची आणि लांब जायचं. पूर्वी लांब म्हणजे शेगाव, फार तर गिरनार. आता द्राक्षबागायतदारांची पोरं स्पीती म्हणतात, लडाख म्हणतात, आणि जाऊनही येतात. निघायच्या आधी महिनाभर रोज रात्री यूट्यूब. परदेशातली मंडळी आपल्या अगडबंब गाड्यांत सरकते खण बसवतात, टपावर तंबू चढवतात, मागच्या दाराला चूल टांगतात. ते बघून इकडे डिकी टेपनं मोजली जाते, चेनच्या पिशव्या ऑनलाइन मागवल्या जातात. दिसायला झकास. पण जुन्या तीन नंबरच्या महामार्गावरच्या, दिल्ली-कलकत्त्याला माल भरून पाठवणाऱ्या या गावच्या माणसानं गाडी कशी भरावी हे कॅलिफोर्नियातल्या कुणाकडून शिकावं, याचं मला हसू येतं. टोमॅटोच्या हंगामात बाजार समितीच्या आवाराजवळ संध्याकाळी तासभर उभं राहिलं तरी पुरे.

लिलाव उरकले की शेडमध्ये माल निवडायला घेतात. जवळच्या बाजाराला लाल चालतो. दिल्लीला जाणाऱ्यानं अजून रंग धरायचा असतो. माल आज कसा आहे यापेक्षा उतरेल त्या दिवशी कसा असेल, याचा तो हिशोब. एका क्रेटमध्ये वीस किलो. भरताना क्रेट दोन्ही हातांनी धरून हलकेच हिसकतात, फळं एकमेकांत बसतात, मग वरून तळहात फिरवून बघतात. काठाच्या वर एकही फळ नको. वरच्या क्रेटचं बूड खालच्या क्रेटच्या काठावर टेकलं पाहिजे, टोमॅटोवर नाही. एवढी बोटभर जागा सोडायचा कंटाळा केला तर दिल्लीला चटणी पोचते.

कांद्याचं तंत्र निराळं. गोणीला काठ नसतो, म्हणून एक थर आडवा तर वरचा उभा. गोण्या एकमेकींना धरून ठेवतात आणि वळणावर थप्पी सरकत नाही. शिवाय कांद्याला वारा लागतो. ताडपत्रीत गच्च गुंडाळून टाकला की तो ओलावतो. द्राक्षाचे नखरे त्याहून जास्त. निर्यातीच्या कंटेनरमध्ये आतल्या भिंतीवर एक रेघ असते, तिच्या वर पेट्या चढवायच्या नाहीत. थंड हवा खाचांच्या फरशीतून येते, पेट्यांमधून वर चढते आणि छताखालून परत फिरते. छतापर्यंत माल ठासला तर ती फिरणार कुठून? मागच्या काचेच्या वरपर्यंत उशा-गाद्या रचून आरसा आंधळा करणाऱ्या कुटुंबवत्सल मंडळींच्या गाडीतही अशी एक रेघ मारून द्यायला हवी.

माथाडी कायदा १९६९ चा. त्यानं हमालाच्या मजुरीला आणि हक्काला आधार दिला, पण या कामातली अक्कल अजून कुणी जमेला धरत नाही. ‘अंगमेहनतीचं काम’ म्हणून मोकळे होतो आपण. पावसातून, घाटातून, दीड हजार किलोमीटर जाऊनही जो थर जागचा हलत नाही, तो काय नुसत्या दंडाच्या जोरावर लागतो?

आमच्या आळीत एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर राहतात. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. पार गुवाहाटीपर्यंत माल पोचवून आलेला माणूस. गेल्या मे महिन्यात आमची गाडी अंगणात उभी करून आम्ही सामान मांडत होतो, तेव्हा ते कुंपणापाशी येऊन थांबले.

“सर, कुठवर?”

“मनाली, मग जमलं तर लेह. या ना आण्णा, बघा जरा.”

“बघतो. पण आधी सांगा, गाडी थांबली की पहिलं काय काढणार?”

“पाणी. नाहीतर खायचं.”

“मग ते शेवटी टाका. बाकीचं तुम्ही कसंही भरा.”

एवढं बोलून ते गेले नाहीत, अर्थातच; चहा झाला, मग दुसरा चहा झाला. पण मुद्दा तेवढाच होता. एका ट्रकमध्ये दोन बाजारांचा माल असला तर दिल्लीचा केबिनच्या बाजूला आणि इंदूरचा फाळक्याजवळ. इंदूरला दिल्लीचं एक क्रेट जरी हलवावं लागलं, तरी भरणाऱ्याच्या नावानं शिव्या. आपण घरी भरतो ते आकार बघून: मोठी बॅग खाली, छोटी वर, फटीत चपला. आण्णा भरतात ते वेळ बघून. दुपारी काय लागेल, मुक्कामाला काय लागेल, आणि लागू नये अशी इच्छा असलेलं कधी लागेल.

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. चांदवडच्या पुढे राहूड घाटाजवळ उन्हाळ्यात हे दृश्य हमखास दिसतं: एक चकाचक गाडी, कडेला मांडलेल्या सुटकेसा, खाऊचे डबे, गादीच्या वळकटीवर बसलेली आजी, आणि डिकीच्या तळातली स्टेपनी काढायला वाकलेले दोन घामाघूम पुरुष. स्टेपनी, जॅक, पाना हे कंपनीनं सामानाच्या खाली दिलेलं असतं. मग निदान जॅक आणि पाना तरी वर काढून सीटखाली बांधून टाकावा की नाही?

आण्णांच्या केबिनची मांडणी ऐकण्यासारखी आहे. ताडपत्री आणि रस्से केबिनच्या टपावर, कारण पावसाचा थेंब पडला की शोधाशोधीला वेळ नसतो. स्टोव्ह, पातेलं, परात, पीठ, मिठामसाल्याचा डबा बॉडीखाली एका बाजूला लावलेल्या पेटीत. पेटीचं दार खाली पाडलं की तोच ओटा. टामी, पाने, ग्रीस दुसऱ्या बाजूच्या पेटीत. ही अदलाबदल कधीही होऊ द्यायची नाही, कारण कणकेला डिझेलचा वास एकदा लागला की जात नाही. चाकाला लावायचा लाकडी गुटका क्लीनरच्या पायाशी. सेंधव्याजवळच्या बिजासन घाटात चढावर गाडी थांबली तर क्लीनर उडी मारतो ती गुटका हातात घेऊनच. कपडे, अंथरूण सीटमागे. कागदांची फाइल सूर्यझडपेच्या वर, आणि तिथे दुसरं काही नाही.

“रात्री दोनला, दिवा न लावता, हात घातला की वस्तू हाताला लागली पाहिजे,” आण्णा म्हणाले. “क्लीनर नवा असला की मी पहिल्या दिवशी त्याचे डोळे मिटायला लावायचो. म्हणायचो, टॉर्च दे. दहाचा पाना दे. मीठ दे.”

हा खेळ आमच्या मुलांना इतका आवडला की निघायच्या आदल्या दिवशी दोघं गाडीत डोळे मिटून बसली होती आणि एकमेकांना फर्मानं सोडत होती.

आता वजन. कारखान्याला ऊस वाहिलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला काचतं. पुढे जास्त झालं की धुरजड होऊन मानेवर बसतं. बैल लगेच सांगतात. मोटारीत बैल नसतात, म्हणून आपली समजूत होते की सगळं ठीक आहे. मागचा भाग ठासून भरला की पुढची चाकं हलकी पडतात, स्टिअरिंग सैल लागतं, आणि हेडलाइटचा झोत वर उठून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्यासाठी बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांचं छोटं चक्र असतं; गाडी घेतल्यापासून त्याला बोट न लावलेले लोक मी बघितले आहेत. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेचं स्टिकर असतं. त्यावर पुष्कळदा दोन आकडे दिलेले असतात, एक रिकाम्या गाडीचा, एक भरल्याचा. तेही तसंच दुर्लक्षित. जड वस्तू खाली, मागच्या सीटच्या पाठीला चिकटून, हलकं वर. टपावर तर जपूनच. साधारण मोटारींच्या टपाला पन्नास-पाऊणशे किलोच्या आसपास मर्यादा असते आणि त्यात लोखंडी कॅरियरचं वजनही धरायचं असतं. आपण तिथे चार बॅगा, एक सिलिंडर आणि वर दोरी असा कारभार करतो. मग वळणावर गाडी झुलते आणि डिझेल जास्त खाते, की दोष पंपाला.

ट्रकचं बरं असतं, त्याला काटा असतो. २०१८ साली केंद्रानं मर्यादा वाढवली तेव्हा दोन आसांच्या ट्रकचं एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेलं. जास्त भरलं तर दंड. घरच्या गाडीचं वजन मात्र तिच्या जन्मात कुणी करत नाही. खरं तर आपल्याकडे वजनकाट्यांची काय वाण आहे? सगळं सामान भरून, माणसं बसवून, गाडी एकदा काट्यावर न्यावी आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याशी ताडून बघावी. काटेवाला हसेल. हसू द्यावं. आमचा आकडा बघून आम्ही घडीची टेबलं आणि एक तंबू घरी ठेवला, आणि दोन्हींची आठवण कुणाला झाली नाही. उत्तरेला निघालेल्या मराठी माणसाला जादा बाडबिस्तरा किती महाग पडतो, हे पानिपतानंतर तरी वेगळं सांगायला नको.

आणि जे घ्यायचं ते बांधायचं. अंगणात पाण्याचा वीस लिटरचा कॅन म्हणजे निरुपद्रवी वस्तू. ऐंशीच्या वेगात गाडीनं करकचून ब्रेक मारला की गाडी थांबते, कॅन थांबत नाही.

यूट्यूबवरच्या सरकत्या खणांना आमच्याकडे उत्तर आहे ते टोमॅटोचं क्रेट. साधारण पावणेदोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, फूटभर खोल. मागची सीट पाडली की शेजारी शेजारी नीट बसतात. एकावर एक रचता येतात. जाळीमुळे आत काय आहे ते न उघडता दिसतं, ओला टॉवेल कोंदत नाही. धूळ आत जाते, हे खरं. त्यासाठी आत खताची धुतलेली गोणी उभी करायची आणि तोंड दुमडायचं. मूठ दोन्ही बाजूंना. वीस किलोंच्या वर त्यात घालायचंच नाही, म्हणजे मुक्कामावर एकट्या माणसाला उचलून थेट खोलीत नेता येतं. एक क्रेट स्वयंपाकाचं, एक गरम कपड्यांचं, एक औषधं-टॉर्च-दोरीचं. प्रत्येकाची जागा ठरलेली आणि परत तिथेच. महागड्या काळ्या पिशव्यांचा दोष असा की चेन लावली की सगळ्या सारख्याच दिसतात.

दिंडीच्या ट्रकचाही अभ्यास करावा. निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघते ती पंढरपूरला पोचेपर्यंत जवळजवळ चार आठवडे रोज तंबू उतरतात, ट्रक पुढच्या मुक्कामाला पळतो आणि वारकरी चालत पोचायच्या आत तंबू परत उभे असतात. पहाटे सगळ्यात आधी आवरलेल्या वळकट्या तळाला, आणि पोचल्याबरोबर लागणाऱ्या कनाती, खुंट्या, मोठी पातेली तोंडाशी. रोज भरणं, रोज उतरवणं. त्या पोरांना ऑनलाइन कोर्स काढायला सांगितला पाहिजे.

अटल बोगदा २०२० साली सुरू झाल्यापासून मनालीच्या पुढचा रोहतांगचा ताप गेला, पण लेहची उंची कुठे जाते? साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब इथल्यापेक्षा बराच कमी. वेफर्सची पाकिटं उशीसारखी फुगतात आणि गच्च झाकण लावलेल्या बरणीतून लोणच्याचं तेल वाट काढतं. म्हणून तेलकट वस्तू क्रेटच्या तळाशी, पातेल्यात उभ्या, कधीच कपड्यांच्या शेजारी नाहीत.

ट्रकवाला परतीचं भाडं ठरल्याशिवाय निघायला नाखूश असतो. आपल्याला परतीचं भाडं न ठरवताच मिळतं. धुवायचे कपडे दुप्पट जागा खातात, शाली होतात, सफरचंदाची पेटी कुणीतरी गळ्यात मारतं, हरिद्वारला वळलं तर गंगाजळाचे कॅन. म्हणून आण्णांनी एक क्रेट मोकळं न्यायला लावलं. “हे भरायचं नाही,” असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, आणि ते फाळक्याजवळ, म्हणजे आमच्या डिकीच्या दाराशी ठेवलं.

पहाटे निघताना मी डिकी उघडली तर ते काठोकाठ कांद्यानं भरलेलं. आई शेजारीच उभी होती.

“दिल्लीला मावशीकडे उतरणार आहात ना? तिकडे कांदा काय भावानं मिळतो, माहीत आहे का तुला?”

“अगं आई, तिकडचा कांदाही इथूनच जातो.”

“म्हणूनच,” ती म्हणाली, आणि वरचे दोन कांदे काढून क्रेट काठाच्या खाली आणलं.