खोल समुद्रातला मासा गिरगाव चौपाटीवर येऊ शकतो का? खरी भीती कशाची बाळगायची?

काळाकुट्ट देह, सुयांसारखे दात आणि कपाळावर लोंबणारा दिवा. जानेवारी २०२५मध्ये स्पेनच्या तेनेरीफ बेटाजवळ भरदिवसा पृष्ठभागावर पोहणाऱ्या अँगलरफिशचा व्हिडिओ जगभर फिरला. त्याच वर्षी तामिळनाडूतल्या मच्छीमारांच्या जाळ्यात लांबलचक, चंदेरी ओअरफिश सापडला आणि 'डूम्सडे फिश', म्हणजे प्रलयाचा मासा भारतात पोहोचल्याच्या पोस्ट सुरू झाल्या.

असे व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर आले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हे आपल्याकडे आलं तर? खोताच्या वाडीतून गिरगाव चौपाटी पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर आहे. त्यामुळे गिरगावकरांसाठी हा प्रश्न फक्त गमतीचा नाही.

खोल समुद्र म्हणजे किती खोल?

साधारण २०० मीटरच्या खाली गेलं की खोल समुद्र सुरू होतो, असं मानतात. तिथे सूर्यप्रकाश जेमतेम पोहोचतो आणि १,००० मीटरच्या खाली तर मिट्ट काळोख असतो. पाण्यात दर १० मीटर खाली गेलं की एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १,००० मीटरवर जमिनीवरच्या सुमारे १०० पट दाब असतो. इथल्या माशांना हा दाब जाणवत नाही, कारण त्यांची शरीरं त्याच दाबात घडलेली असतात.

वर आल्यावर शरीराचं काय होतं?

ज्या माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, त्यांचे सर्वाधिक हाल होतात. समजा, असा मासा ३०० मीटरवरून जाळ्यात झपाट्याने वर आला. दाब कमी झाल्यामुळे त्या पिशवीतला वायू सुमारे ३१ पट फुगू पाहतो. जठर तोंडावाटे बाहेर येतं, डोळे बाहेर येतात, आतले अवयव फाटतात.

हवेची पिशवी नसलेल्या माशांचीही सुटका नसते. थंड पाण्याची सवय असलेल्या शरीराला वरचं उबदार पाणी सोसत नाही. 'ब्लॉबफिश' हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. २०१३मध्ये एका ऑनलाइन मतदानात त्याला जगातला सर्वांत कुरूप प्राणी ठरवलं गेलं. पण ज्या फोटोवरून तो ओळखला जातो, तो पाण्याबाहेर काढलेल्या, मेलेल्या माशाचा आहे. त्याचं मांस जेलीसारखं असतं आणि त्याला आकार देतं ते भोवतालचं पाणी. मुंबईकरांना हे बोंबलावरून पटकन समजेल. ताटात पसरलेल्या बोंबलावरून तो पाण्यात कसा दिसत असेल, याचा अंदाज येत नाही.

तेनेरीफचा अँगलरफिशही दिसल्यानंतर काही तासांत मेला. मुठीत मावेल एवढीच ती मादी होती. ती 'शेवटचा सूर्यप्रकाश पाहायला' वर आली, असं म्हणत अनेकजण हळवे झाले. शास्त्रज्ञांचे अंदाज साधे होते: ती आजारी असेल, शिकाऱ्यापासून पळाली असेल किंवा प्रवाहाने वर ढकलली गेली असेल.

ओअरफिश दिसला की भूकंप होतो?

ही समजूत जपानमधली. तिथे ओअरफिशला समुद्रदेवाच्या महालातला दूत म्हणतात. २०११च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर ही गोष्ट जगभर पसरली. म्हणून जपानी संशोधकांनी जुन्या नोंदी तपासल्या. १९२८ ते २०११ या काळात खोल समुद्रातले मासे दिसल्याच्या ३३६ नोंदी आणि २२१ भूकंप त्यांनी पडताळून पाहिले. जुळणारी जोडी सापडली फक्त एक. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष स्पष्ट होता: माशावरून भूकंपाचा अंदाज बांधता येत नाही.

मग हे मासे गिरगावला का दिसत नाहीत?

कारण मुंबईसमोरचा समुद्र उथळ आहे. ओएनजीसीचं 'मुंबई हाय' तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे आणि तिथेही पाणी साधारण ७५ मीटरच खोल आहे. लोअर परळचा सुमारे २८० मीटर उंच 'वर्ल्ड वन' टॉवर तिथे उभा केला, तर त्याचे २०० मीटर पाण्याबाहेर राहतील.

तेनेरीफ हे ज्वालामुखीतून तयार झालेलं बेट असल्याने तिथे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्राचा तळ एकदम खाली जातो. २०२४मध्ये कॅलिफोर्नियात ओअरफिश सापडला, त्या ला होयाजवळही समुद्राखालची दरी थेट किनाऱ्यालगत येते. गिरगावपर्यंत यायला खोल पाण्यातल्या माशाला दीडशेहून अधिक किलोमीटर उथळ, उबदार पाणी पार करावं लागेल. तेवढं तो सहसा जगणारच नाही.

चौपाटीवर येतं ते कोण?

पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, मुंबईच्या किनाऱ्यांवर निळे फुगे दिसतात. ही 'ब्लू बॉटल'. व्हायरल पोस्टमध्ये तिलाही 'खोल समुद्रातला दुर्मीळ जीव' म्हटलं जातं. पण ती राहते भर समुद्रात, अगदी पृष्ठभागावर. तिला पोहता येत नाही. वारा नेईल तिकडे ती जाते आणि नैर्ऋत्य मोसमी वारे तिला किनाऱ्यावर आणून टाकतात. ती खरी जेलीफिशही नाही. अनेक सूक्ष्म जीवांनी मिळून बनलेली ती वसाहत आहे.

फुग्याखालचे लांब धागे दंश करतात. ब्लू बॉटल मेली, वाळूत पडली, तरी तिच्या दंशपेशी काम करत राहतात. ऑगस्ट २०१८मध्ये मुंबईत सुमारे १५० जणांना दंश झाल्याच्या बातम्या होत्या.

दुसरा पाहुणा पाकट. सप्टेंबर २०१३मध्ये दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनावेळी गिरगाव चौपाटीवर अनेक भाविकांना पाकटांनी जखमी केलं होतं. पाकट उथळ पाण्यात वाळूत दबून बसतं आणि पाय पडला की शेपटीचा काटा मारतं.

काय काळजी घ्यायची?

- निळा फुगा दिसला तर हात लावू नका, रीलसाठीही नाही. लहान मुलांना लांब ठेवा.
- ब्लू बॉटलचा दंश झाला तर चोळू नका, वाळू लावू नका. चिकटलेले धागे चिमट्याने किंवा काडीने काढा, समुद्राच्या पाण्याने धुवा. मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवा.
- विसर्जनाला पाण्यात उतरताना पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चला. चाहूल लागली की पाकट बहुधा निघून जातं.
- पाकटाचा काटा लागला, श्वास घ्यायला त्रास झाला किंवा चक्कर आली तर थेट रुग्णालय गाठा.

'प्रलयाचा मासा' असा फॉरवर्ड पुढे पाठवण्याआधी तो व्हिडिओ कुठल्या किनाऱ्यावरचा आहे, हे एकदा पाहा. आणि या पावसाळ्यात चौपाटीवर जाणाऱ्यांना काही पाठवायचंच असेल, तर ब्लू बॉटलची ही माहिती पाठवा.