दप्तर बिघडते, तेव्हा दोषी कोण?

ऐन प्रवेशाच्या दिवसांत एका सकाळी आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातील संगणकाने विद्यार्थ्यांचे दप्तर उघडण्यास नकार दिला. शुल्क, सवलती आणि शिष्यवृत्त्या यांच्या साऱ्या नोंदी ज्या एका फाइलमध्ये होत्या, ती 'करप्ट' झाली असे निदान झाले. या शब्दाचा मराठी प्रतिशब्द वर्तमानपत्रांतून आपल्याला रोज भेटतो. परंतु येथे कोणी पैचीही लाच घेतलेली नव्हती. तरीही दुपारपर्यंत एक आरोपी सापडला. आदल्या संध्याकाळी उशिरापर्यंत काम करीत बसलेल्या कनिष्ठ लिपिकाला 'कारणे दाखवा' नोटीस मिळाली. सुरक्षित प्रत शोधली, तेव्हा ती चार महिन्यांपूर्वीची निघाली. पुढचे तीन आठवडे विद्यार्थी जुन्या पावत्या घेऊन पुन्हा रांगेत उभे राहिले. ज्यांच्या पावत्या हरवल्या होत्या, त्यांना पैसे भरल्याचा पुरावा आणण्यास सांगण्यात आले. पुरावा जपणे हे ज्या कार्यालयाचे काम, तेच तो विद्यार्थ्यांकडे मागत होते!

असे प्रसंग अपवादात्मक नाहीत. अनेक लहान कार्यालयांचे दप्तर आजही मायक्रोसॉफ्टच्या 'ॲक्सेस' या प्रणालीत असते. 1992 साली बाजारात आलेली ही प्रणाली सोयीची आहे, यात शंका नाही. तथापि तिची कार्यपद्धती समजून घेतली पाहिजे. मोठ्या डेटाबेसमध्ये एक मध्यवर्ती सर्व्हर सर्वांच्या मागण्या ऐकतो आणि लेखन स्वतः करतो. ॲक्सेसमध्ये असा कारभारी नसतो. सामायिक फाइल नुसती पडून असते आणि प्रत्येक टेबलावरचा संगणक जाळ्यातून हात घालून तिची पाने स्वतः लिहितो. पाच जणांनी एकाच खातेवहीत लिहावे, तसा हा प्रकार. एखाद्याचे वाक्य अर्धे असताना वीज गेली, वायफाय क्षणभर तुटले किंवा संगणक मध्येच बंद केला गेला, तर पान अर्धवट राहते आणि संपूर्ण वही संशयास्पद ठरते.

प्रतिबंधाचे उपाय गूढ नाहीत. तक्ते एका फाइलमध्ये सर्व्हरवर ठेवावेत. नोंदीचे नमुने आणि अहवाल दुसऱ्या फाइलमध्ये घालून तिची स्वतंत्र प्रत प्रत्येकाच्या संगणकावर द्यावी. जोडणी तारेची असावी, वायफायची नव्हे. आपोआप प्रती जुळवणाऱ्या क्लाउड फोल्डरमध्ये चालू फाइल ठेवू नये. काम संपताच प्रत्येकाने रीतसर बाहेर पडावे. फाइलची कमाल मर्यादा 2 जीबी आहे. तिच्या जवळ पोचण्याची वाट पाहू नये. आणि रोज, सर्वजण बाहेर पडल्यावर, एक प्रत काढावी. ही नवी प्रत जुनीवर लिहू नये; कारण बिघाड कधीकधी काही दिवसांनी लक्षात येतो आणि तोवर चांगली प्रत बिघडलेल्या प्रतीखाली गाडली गेलेली असते. निदान तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक इमारतीबाहेर, हा जाणकारांचा सर्वमान्य नियम आहे.

बिघाड झालाच, तर घाई हा पहिला शत्रू. प्रथम सर्वांनी काम थांबवावे. बिघडलेली फाइल आहे तशी बाजूला नकलून ठेवावी आणि दुरुस्तीचे सारे प्रयोग नकलेवर करावेत. 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' ही सोय पुष्कळदा उपयोगी पडते. न पडल्यास नवी कोरी फाइल उघडून तीत एकेक तक्ता आणावा. परंतु फाइल उघडली म्हणजे दप्तर परत मिळाले, असे नव्हे. दुरुस्तीत काही नोंदी गळू शकतात, तक्त्यांमधील संबंध तुटू शकतात. म्हणून नोंदींची संख्या आणि रकमांची बेरीज कागदाशी ताडून पाहणे अपरिहार्य असते. आमच्याकडे अखेर पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती आणि बँकेची चलने यांच्याच आधारे चार महिने पुन्हा उभे करावे लागले.

यात नवे तत्त्व काहीच नाही. आपल्या पेढ्यांवरचे मुनीम आधी कीर्द लिहीत, मग खतावणी करीत आणि शेवटी तेरीज जुळवून पाहत. खतावणी गहाळ झाली, तरी कीर्दीवरून ती पुन्हा मांडता येई. पोस्टग्रेएसक्यूएलसारखे सर्व्हरवरचे डेटाबेस नेमके हेच करतात: प्रत्येक बदल आधी नोंदवहीत, मग तक्त्यात. त्यामुळे वीज गेली, तरी कीर्द वाचून ते स्वतःला सावरतात. ही प्रणाली विनामूल्य मिळते. ज्या कार्यालयाचा व्याप वाढला आहे, त्याने तक्ते अशा ठिकाणी हलवावेत आणि नोंदीचे परिचित नमुने ॲक्सेसमध्येच ठेवावेत. हे शक्य आहे.

मग हे सारे घडत का नाही? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचे उत्तर परिचित आहे. सुरक्षित प्रतीचा खर्च रोजचा आणि डोळ्यांना दिसणारा असतो. तिचा लाभ मात्र न घडलेल्या अनर्थाच्या रूपाने मिळतो आणि न घडलेली गोष्ट कोणाच्याही अहवालात येत नाही. शिवाय लाभ सर्वांचा, श्रम एकाचे. अशा वस्तूचे उत्पादन अपुरे होते, हे आपण वर्गात शिकवतो आणि कार्यालयात विसरतो. त्यात शिक्षेची भर पडली, की चित्र पूर्ण होते. चूक कळवणाऱ्याला नोटीस मिळणार असेल, तर ती न कळवणे हेच त्याच्या हिताचे ठरते. तो बिघडत्या फाइलमध्ये मुकाट्याने नोंदी करीत राहतो आणि हानी वाढते.

निष्काळजीपणाला क्षमाच करावी काय, असा प्रश्न विचारला जाईल. तसे नव्हे. परंतु कारण शोधल्याशिवाय दोष ठरवणे हाही निष्काळजीपणाच आहे. 2018 साली विंडोज 10 च्या एका सुधारणेनंतर अनेक कार्यालयांतील ॲक्सेस फाइली बिघडल्याचे संदेश येऊ लागले. त्यात टेबलावर बसलेल्या माणसाचा दोष नव्हता. 31 जानेवारी 2017 रोजी 'गिटलॅब' या मोठ्या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेसच पुसला गेला. मग उघडकीस आले, की तेथील नित्याच्या बॅकअप व्यवस्था निकामी होत्या आणि ते कोणाच्या लक्षातही आले नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत हाती लागली, म्हणून निभावले. कंपनीने सारा प्रकार जाहीरपणे मांडला आणि दोष व्यक्तीचा नसून व्यवस्थेचा मानला. तज्ज्ञांच्या कंपनीची ही कथा, तर आपल्या लिपिकाकडून आपण कोणती अपेक्षा करावी?

सारे दप्तर बाहेरच्या कंत्राटदाराकडे सोपवावे, असा एक सल्ला दिला जातो. त्याने काम हलते, जबाबदारी हलत नाही. विद्यार्थी कंत्राटदाराच्या नव्हे, आपल्याच खिडकीशी येणार आहे.

म्हणून प्रत्येक संस्थेने तीन गोष्टी तरी कराव्यात. प्रत कोणी व केव्हा काढावी, याचा लेखी आदेश काढावा आणि त्यासाठी कामाच्या वेळेतील अर्धा तास द्यावा. प्रत्येक सत्रात एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून, बेरजा जुळवून पाहाव्यात. न तपासलेली प्रत ही प्रत नसून समजूत असते. आणि बिघाड तत्काळ कळवणाऱ्याला शिक्षा करू नये.

आमच्या त्या लिपिकाने नोटिशीला उत्तर म्हणून एकच कागद जोडला. आपल्या टेबलापर्यंतची तार तुटलेली असून नाइलाजाने वायफायवर काम करावे लागते, असा त्याचा आठ महिन्यांपूर्वीचा अर्ज होता. त्यावर आवक क्रमांक होता, शिक्का होता. निर्णय तेवढा नव्हता.