सालदारावर आळ आला तर



आखाजीला आपल्या खान्देशात सालदाराचे जुने वर्ष संपते आणि नवे ठरते. रोख किती, धान्य किती, उचल किती, सारे बोलून घेतात. एक गोष्ट मात्र कोणी बोलत नाही. वर्षभरात या माणसावर चोरीचा आळ आला, तर मालकाने कसे वागायचे?

प्रसंग नेहमीचाच आहे. भडगाव तालुक्यात गिरणेच्या काठी काय, किंवा दुसरीकडे काय, रात्रीतून विहिरीवरची केबल कापून नेतात, स्टार्टर जातो, ठिबकच्या नळ्या जातात. सकाळी बांधावर चार माणसे जमतात आणि पहिले बोट सालदाराकडे वळते. रात्री मळ्यात तोच होता, किल्ली त्याच्याजवळच होती, एवढाच पुरावा!

पण तो रात्री मळ्यात होता, तो आपणच त्याला राखणीला ठेवले म्हणून. किल्ली त्याच्याजवळ होती, ती आपणच दिली म्हणून. म्हणजे आपल्या कामापायी त्याच्यावर संशय आला. मग त्या संशयातून त्याला न्यायाने सोडवण्याची पहिली जबाबदारी आपलीच नव्हे काय?

संशयाने काय होते, याचे एक उदाहरण सांगतो. ते सालदाराचे नाही, पण मजुरांचेच आहे. नाशिक जिल्ह्यात जून २००३ मध्ये एका शेतातल्या कुटुंबावर दरोडा पडला. घरातली माणसे मारली गेली. फार भयंकर गुन्हा होता तो. त्यात भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले गेले. २००६ साली त्यांना फाशीची शिक्षा झाली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीचीच शिक्षा दिली. पुढे फेरविचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदार बाईने आधी पोलिसांकडच्या फोटोंतून दुसरीच चार माणसे ओळखली होती. त्या दिशेने नीट तपासच झाला नव्हता. सहांपैकी एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अज्ञान होता. न्यायालयाने सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला लावले. पण तुरुंगात गेलेली वर्षे कोण परत देणार? हे गरीब, भटके मजूर आहेत, तेव्हा त्यांना खोटे गोवले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असेही न्यायालयाने म्हटले.

जमातीवरून चोर ठरवण्याची खोड जुनी आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. गावच्या पारावरून मात्र तो अजून पुरता गेलेला नाही. सालदार भिल्ल असो की पारधी असो, जात पाहून संशय घेणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे.

आता मालकाने काय करावे?

पहिले म्हणजे जीभ आवरावी. चारचौघांत नाव घेऊ नये. आधी सालदाराला घरी बोलावून, बसवून, त्याचे म्हणणे ऐकावे. पोलीस पाटलाला कळवावे, ठाण्यात फिर्याद द्यावी. फिर्यादीत आपण काय पाहिले आणि काय गेले तेवढेच सांगावे. चोर माहीत नसेल तर ‘अज्ञात इसम’ असे लिहिता येते. नाव घातलेच पाहिजे असे नाही.

दुसरे, हात उचलू नये, कोणाला उचलू देऊ नये. कबुलीसाठी मारहाण करणे हा मोठा गुन्हा आहे. त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. मार खाणारा माणूस न केलेलेही कबूल करतो आणि खरा चोर पुढच्या विहिरीकडे वळतो.

तिसरे, तपास चालू असता त्याचे खाणे आणि मजुरी तोडू नये. मोठ्या कारखान्यात निलंबित कामगाराला चौकशीच्या काळात पहिले ९० दिवस निम्मे वेतन मिळते. पुढे दिरंगाई त्याच्यामुळे नसेल तर पाऊण मिळते. सालदाराला असे संरक्षण नाही. म्हणून ते मालकाच्या माणुसकीने द्यायचे. उचलीचा धाक घालून त्याला अडकवून ठेवणे तर गुन्हाच आहे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे.

चौथे, त्याला पोलिसांनी नेलेच, तर त्याच्या घरच्यांबरोबर आपणही ठाण्यात जावे. अटक झाल्यास २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. अटकेतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. हे त्याला माहीत नसते. आपण सांगावे.

घरधनीणबाईंनाही एक विनंती. दागिना सापडेना की भांडी घासणाऱ्या बाईचे नाव तोंडी येते. आधी धान्याची कोठी, गोधड्यांच्या घड्या, पेटीचा तळ पाहून घ्या. दागिना घरातच निघाला, तरी त्या बाईच्या मुलीला शाळेत जे ऐकावे लागले ते परत घेता येत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे पुढेच. आळ खोटा ठरला की मालक बहुधा गप्प बसतो. ‘झाले गेले’ म्हणतो. तेवढ्याने भागत नाही. ज्या पारावर नाव घेतले गेले, त्याच पारावर उभे राहून सांगावे की हा माणूस निर्दोष आहे. बुडालेले दिवस भरून द्यावेत. ठाण्यात त्याचे नाव दिले असेल तर तसे लेखी कळवावे. तो दुसरीकडे जायचा म्हणाला तर हिशेब चुकता करावा आणि नव्या मालकाला त्याच्याविषयी खरे सांगावे. सालदाराजवळ ना जमीन ना बँकेत ठेव. त्याचे नाव हीच त्याची पुंजी. ती डागाळली तर पुढच्या आखाजीला त्याला कोणी कामावर ठेवत नाही आणि बायकामुलांसह गाव सोडावे लागते.

तो खरोखर दोषी निघाला, तर कायदा आहेच. पण ते ठरेपर्यंत त्याच्या बाजूने एक माणूस उभा हवा, आणि तो मालक असावा. म्हणून यंदाच्या आखाजीला सालदार ठरवताना रोख आणि धान्याबरोबर एवढेही बोलून घ्या: ‘दादा, काही झाले तर आधी तुझे ऐकीन.’