गिटारवर राग? जरूर!

शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या पोराने गिटारवर राग छेडला, की जाणकार विचारतात, "यात मींड कुठली?" आक्षेप निम्मा खरा आहे. पडदे सतारीलाही असतात, पण तिची तार चार-पाच सूर ओढता येते. क्लासिकल गिटारची नायलॉनची तार फारशी ढळत नाही. दरबारीचा आंदोलित गंधार तिथे अवघडच. भूप, हंसध्वनी मात्र खुलतात. सर्वांत जाड तार एका स्वराने उतरवली, की तीन जाड तारा सा-प-सा बोलतात; तानपुऱ्याची सोय घरातच होते.

'जाफरखानी बाज' घडवणाऱ्या उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांनी १९६३ साली इंग्रज गिटारवादक ज्युलियन ब्रीम यांच्यासोबत वादन केलं. त्यांना गिटार परकी वाटली नाही. पेटीही युरोपातूनच आली आणि तिच्यावर तर मींड मुळीच निघत नाही. तरी आपली कव्वाली आणि शेजारच्या देवळातलं भजन, दोन्ही तिच्याशिवाय अडतात.

मुरबाडला रेल्वे नाही. शिकवणीसाठी शहर गाठणं प्रत्येकाला परवडत नाही. जे वाद्य हाताशी आहे, त्यावर पोराला बढत करू द्या. चलन सांभाळतो का, वादी-संवादीचं भान आहे का, हे जरूर कठोरपणे तपासा. वाद्याची जात कशाला विचारायची?