‘आम्ही’ की ‘आपण’?

इंग्रजीवाल्यांचं एका ‘वी’मध्ये भागतं. आपल्याकडे दोन आहेत. ‘आम्ही पिक्चरला चाललोय’ म्हटलं की समोरच्याने समजून घ्यायचं, बॉस, तुझं तिकीट काढलेलं नाही. ‘आपण पिक्चरला चाललोय’ म्हटलं की त्याचंही काढलंय. त्याला विचारलं असो वा नसो! हा ‘विचारलं असो वा नसो’वाला फंडा जरा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

विषय आहे डिस्टोपियाचा. म्हणजे सरकारने सगळं एकदम परफेक्ट करून ठेवलंय आणि म्हणूनच तिथे जगणं अशक्य झालंय, अशा कादंबऱ्यांचा. यातलं ‘१९८४’ सगळ्यांना ठाऊक असतं. वाचलेलं नसलं तरी त्यातला बिग ब्रदर ठाऊक असतो, निदान टीव्हीच्या कृपेने तरी. पण बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेल्या या ऑर्वेलसाहेबांनी १९४९मध्ये ‘१९८४’ आणलं, त्याच्या तीन वर्षं आधी, जानेवारी १९४६मध्ये, त्यांनी ‘ट्रिब्यून’मध्ये एका रशियन कादंबरीवर लेख लिहिला होता. मला आज त्या कादंबरीबद्दल बोलायचंय. लेखक येवगेनी झाम्यातिन. इंग्रजीत तिचं नाव ‘वी’. गंमत म्हणजे मूळ रशियन नाव मराठी कानाला जवळजवळ ‘मी’ असं ऐकू येतं. अर्थ नेमका उलटा!

झाम्यातिन पेशाने जहाजं बांधणारा इंजिनिअर. झारच्या राज्यात बोल्शेविक म्हणून जेलमध्ये जाऊन आलेला. १९१६मध्ये त्याला इंग्लंडला पाठवलं गेलं, न्यूकॅसलकडे रशियासाठी बर्फ फोडणारी जहाजं बांधली जात होती त्यांच्यावर देखरेख करायला. तिथल्या मुक्कामातून त्याने एक छोटी कादंबरी लिहिली. तिच्यातल्या इंग्लिश पाद्रीबुवांनी जेवण, प्रार्थना, झालंच तर बायकोवरचं प्रेम, सगळ्याचं टाइमटेबल करून ठेवलंय. म्हणजे माणसाला वेळापत्रकात कोंबायची आयडिया त्याला सोव्हिएत सरकारकडून मिळालेली नाही. ती त्याला टाय लावलेल्या, सभ्य, वक्तशीर इंग्लंडमध्येच दिसली होती. लोक या पुस्तकाला सरसकट ‘कम्युनिझमविरोधी’ म्हणून मोकळे होतात, ते मला म्हणूनच पटत नाही.

मग १९२०-२१मध्ये त्याने ‘वी’ लिहिली. काळ आजपासून कितीतरी शतकं पुढचा. नावं रद्द, नंबर चालू. पुरुषांना व्यंजन, बायकांना स्वर. हिरोचं नाव डी-५०३. सगळ्यांची घरं काचेची. पडदे ओढायची परवानगी फक्त सेक्ससाठी, तीही गुलाबी कूपन दाखवून. (हसू नका, तिथे कोणी हसत नाही.) सगळे एकाच मिनिटाला उठतात, एकाच मिनिटाला घास तोंडात घालतात आणि प्रत्येक घास मोजून ५० वेळा चावतात. दिवसातून दोन तास ‘खासगी’. चार ते पाच आणि रात्री नऊ ते दहा. डी-५०३ला तेही खटकतात. कधीतरी याही तासांचा हिशेब बसेल, असं त्याचं स्वप्न आहे!

या लोकांचा देव कोण? मार्क्स नाही. टेलर! तोच तो अमेरिकन फ्रेडरिक टेलर, ज्याने स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या हालचाली मोजल्या आणि ज्याच्याशिवाय आजही मॅनेजमेंटचा सिलॅबस सुरू होत नाही. आणि प्राचीन साहित्यातली सर्वश्रेष्ठ कलाकृती कोणती? रेल्वेचं टाइमटेबल. सकाळची ठरलेली लोकल, ठरलेला डबा आणि दरवाजाजवळची ठरलेली जागा पकडणाऱ्या कुणालाही हे वाचून आधी खुदकन हसू येईल. मग जरा गप्प व्हायला होईल.

डी-५०३ हा बंडखोर वगैरे अजिबात नाही. पिक्चरमधला हिरो म्हणून आपण ज्याची वाट बघतो तो हा नव्हेच. हा आहे एम्प्लॉयी ऑफ द इयर. सरकारच्या अंतराळयानाचा मुख्य इंजिनिअर, हुशार, सिन्सिअर आणि कमालीचा सुखी. सरकार फर्मान काढतं की यानातून परग्रहावर पाठवायला राज्याची महती सांगणारं काहीतरी लिहा. म्हणून हा डायरी लिहायला बसतो. स्वतःबद्दल नव्हे, आमच्याबद्दल लिहीन म्हणतो, आणि त्या कागदांना नावही तेच देतो.

इथे मराठी माणूस अडकतो. हे नाव आपल्या भाषेत काय करायचं? परग्रहवाल्यांना सांगताना ते ‘आम्ही’च आहे. आम्ही असे, आम्ही तसे, तुम्ही अजून मागासलेले. पण राज्याच्या आत जे रोज कानावर आदळतं ते ‘आम्ही’ नाही. ते ‘आपण’ आहे. ‘आपण सगळे सुखी आहोत.’ आता नाही कसं म्हणणार? ‘आम्ही’मधून निदान बाहेर राहता येतं. ‘आपण’ला दरवाजाच नसतो. (‘आपण सगळे एक फॅमिली आहोत’ असं एचआरचं मेल आलं की आपल्या पोटात गोळा येतो, त्याचं कारण बहुतेक हेच. पण कंपनी सोडता तरी येते. राज्य सोडायला जागाच नसली तर?)

कादंबरीत एक जबरदस्त प्रसंग आहे. वर्षातून एकदा एकमताचा दिवस साजरा होतो. सगळ्यांनी उघडपणे हात वर करून ‘उपकारकर्त्या’ला, म्हणजे सर्वोच्च नेत्याला, पुन्हा निवडायचं. विरोधात कोण, हे फक्त विचारायचं म्हणून विचारतात. आणि त्या वर्षी हजारो हात विरोधात वर जातात! दुसऱ्या दिवशी सरकारी पेपरात बातमी काय? एकमताने निवड. ज्यांनी विरोध केला त्यांची मतं मोजणं म्हणजे मैफलीत कुणी खोकलं तर ती खोकल्याची उबळही गाण्यात धरण्यासारखं आहे, असं स्पष्टीकरण. एका रात्रीत हजारो माणसं ‘आपण’मधून वजा. मात्र वजा झाली तरी राज्याबाहेर जायची मुभा नाही!

विरोधात हात वर करणाऱ्यांत एक बाई आहे, आय-३३०. तिच्या नादाने डी-५०३ बिघडतो. त्याला स्वप्नं पडायला लागतात. डायरीत ‘आम्ही’च्या जागी ‘मी’ घुसायला लागतो. सरकारनेच लिहायला सांगितलेली डायरी, आणि तिच्यातच माणूस सापडतो! तो डॉक्टरकडे जातो. डॉक्टर निदान करतात: तुमच्यात आत्मा तयार झालाय, केस गंभीर आहे. मला स्वतःला या जातीच्या सगळ्या पुस्तकांतलं हे सगळ्यात भारी निदान वाटतं.

ऑर्वेलचा विन्स्टनही डायरीच लिहितो, टेलिस्क्रीनच्या नजरेआड कोपऱ्यात बसून. अॅन रँडच्या १९३८च्या ‘अँथम’मध्ये तर ‘मी’ हा शब्दच गायब आहे, आणि हिरो तो शोधून काढतो. पण रँडबाईंना तो सापडल्यावर इतका आनंद होतो की त्या त्याची पूजाच मांडतात. कॉलेजात ‘फाउंटनहेड’ काखेत मारून फिरणाऱ्या माझ्या मित्रांना हे रुचणार नाही, पण ‘मी’ मिळाला की झालं, इतकं सोपं ते नसतं. झाम्यातिनला ते माहीत होतं. त्याचा ‘मी’ घाबरट आहे, मत्सरी आहे, अर्धा वेळ त्याला परत नंबर व्हायचं असतं.

आणि तो होतो. सरकार एक ऑपरेशन शोधून काढतं. मेंदूतली कल्पनाशक्तीची जागा किरणांनी जाळायची, की माणूस कायमचा सुखी.

झाम्यातिनचं स्वतःचं काय झालं? मायदेशी सेन्सॉरने पुस्तक छापू दिलं नाही. १९२४मध्ये ते पहिल्यांदा छापलं गेलं न्यूयॉर्कला, इंग्रजी भाषांतरात. पुढे त्याच्यावर मोहीम उघडली गेली, लिखाण बंद पडलं. १९३१मध्ये त्याने थेट स्टॅलिनला पत्र लिहून देश सोडायची परवानगी मागितली. गॉर्कीने शब्द टाकला आणि ती चक्क मिळाली. १९३७मध्ये तो पॅरिसमध्ये वारला. त्याच्या देशात पुस्तक निघायला १९८८ उजाडलं.

डी-५०३चं ऑपरेशन पकडून नेऊन केलं जातं. मग तो जाऊन सगळ्यांची नावं, म्हणजे नंबर, सांगून टाकतो. आय-३३०चा त्याच्यासमोर छळ होतो. ती एक शब्द बोलत नाही. तो शेजारी बसून बघतो, त्याला काही म्हणजे काही वाटत नाही. त्याच्यापासून दिवस गेलेली ओ-९० मात्र तोवर भिंतीपलीकडे, राज्याबाहेरच्या रानात पोचलेली असते. घरी येऊन तो डायरी उघडतो. एवढी पानं खरंच आपण लिहिली? अक्षर तर आपलंच दिसतंय.