आधी विषय, मग कॉलेज

बारावीचा निकाल लागला की शहापूर-मुरबाड तालुक्यांत एक ठरलेला सल्ला फिरू लागतो. कॉम्प्युटरला जायचं तर मुंबईचं मोठं कॉलेज मिळायला हवं; ते नाही मिळालं तर कुठलीही डिग्री घे आणि सोबत जावा-पायथनचा क्लास लाव. अलीकडे त्याला शेपूट जोडलं गेलंय: तसंही कोड आता एआयच लिहितो, मग त्या डिग्रीचं काय करायचं? सल्ला देणारे मामा, सर, शेजारचे नोकरदार आपुलकीनेच बोलतात. पण कसारा, खर्डी, टोकावडे इथल्या मुलामुलींचं या तिन्ही गोष्टींनी नुकसान होतं, म्हणून त्या खोडून काढायला हव्यात.

मोठ्या कॉलेजपासूनच सुरुवात करू. कसारा ते सीएसएमटी १२१ किलोमीटर. लोकलला साधारण अडीच तास लागतात, म्हणजे जाऊन-येऊन पाच तास, आणि घरापासून स्टेशन वेगळंच. कल्याण ६७ किलोमीटरवर, साधारण सव्वा तासावर. मुंबईऐवजी कल्याणला प्रवेश घेतला तर दिवसाचे अडीच तास वाचतात, सहा दिवसांचे पंधरा. आजच्या श्रेयांक पद्धतीत पंधरा तासांच्या व्याख्यानांना एक क्रेडिट मिळतं. लांबच्या कॉलेजचा विद्यार्थी दर आठवड्याला एका क्रेडिटच्या तासिकांएवढा जादा वेळ गाडीत घालवतो. संगणकशास्त्र तर हाताने करायचा विषय आहे. प्रोग्राम लिहायचा, तो चुकायचा, चूक सापडेपर्यंत त्याच्यापुढे बसून राहायचं. हे बसणं संध्याकाळच्या गर्दीच्या डब्यात उभ्याने होत नाही.

शिवाय मुंबई विद्यापीठाच्या स्वायत्त नसलेल्या महाविद्यालयांत मुख्य विषयाचा अभ्यासक्रम एकच असतो. नावाजलेल्या कॉलेजात कॅम्पस इंटरव्ह्यू जास्त होतात, हुशार सोबती मिळतात, हे खरंच आहे आणि ते नाकारू नये. जवळपास वसतिगृह मिळत असेल तर त्या कॉलेजात जरूर जावं. पण रोजची पाच तासांची ये-जा करून त्या सोबत्यांबरोबर बसायला वेळ उरतो किती? कॉलेज सुटताच कसारा लोकल गाठायला धावणाऱ्या मुलाला मोठ्या कॉलेजातलं मोठेपण फारसं मिळतच नाही.

कसाऱ्याच्या मुलांपुढे आणखी एक दिशा असते, घाटावरची. रेल्वेने नाशिक रोडचं अंतर कल्याणएवढंच आहे, पण घाटापलीकडे लोकल नाही. शेअर जीप-टॅक्सीच्या भरवशावर तीन वर्षं काढायची का, आणि मुंबईऐवजी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा अभ्यासक्रम घ्यायचा का, हे अर्ज भरण्याआधीच ठरवावं. मुरबाडला तर रेल्वेच नाही. तिथल्या मुलांचं वेळापत्रक एसटीच्या हाती.

आता दुसरा सल्ला, डिग्री कुठलीही आणि क्लास भाषेचा. इथे गल्लत मुळातच आहे. भाषा म्हणजे संगणकशास्त्र नव्हे. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी माहितीच्या तक्त्यांमधल्या नात्यांची मांडणी १९७० साली केली. आजचा बँकेचा डेटाबेस त्याच पायावर उभा आहे. डाइक्स्ट्रा यांची सर्वांत जवळचा रस्ता शोधायची रीत १९५९ मध्ये छापली गेली. मोबाइलमधल्या नकाशांमागे तीच कल्पना, पुढे सुधारलेली. इंटरनेटची टीसीपी/आयपी पद्धत १९८३ मध्ये इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर लागू झाली. दरम्यान किती भाषा आल्या आणि मागे पडल्या! डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क हे विषय पक्के झालेला मुलगा नवी भाषा काही आठवड्यांत उचलतो. नुसती भाषा शिकलेल्याला दर वेळी नव्या क्लासची फी भरावी लागते, आणि ही फी पुष्कळदा भाताच्या पैशातून जाते.

एआयच्या आक्षेपाला उत्तर द्यायला एक साधं उदाहरण पुरेल. दहा लाख लाभार्थ्यांच्या यादीतली दुबार नावं शोधायची आहेत. प्रत्येक नाव उरलेल्या प्रत्येक नावाशी ताडून पाहणारा प्रोग्राम शंभर नावांवर झटकन चालतो. दहा लाखांवर त्याला सुमारे ५०,००० कोटी तुलना कराव्या लागतात. तीच यादी आधी क्रमाने लावून घेतली तर काम दोन कोटींच्या आसपास तुलनांत होतं. एआय यांतला कुठलाही कोड लिहून देईल. कोणता मागायचा, आणि आलेला कोड खऱ्या यादीवर टिकेल का, हे ओळखायला अल्गोरिदम शिकलेलं माणूस लागतं. कोड लिहिणं स्वस्त झाल्याने तो तपासणाऱ्याची गरज वाढली आहे.

म्हणून आखणी विषयांपासून करावी, आणि पहिला विषय गणित. अकरावीला गणित सोडून जीवशास्त्र धरणारी मुलं गावोगाव दिसतात. त्यांच्या लक्षात येत नाही की अभियांत्रिकीला एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट लागतो आणि बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सलाही गणित विचारलं जातं. बीसीएसाठी २०२४ पासून राज्याची वेगळी सीईटी आहे, तिची तारीखही विसरून चालत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात मेजरसोबत मायनर विषय घेता येतो. कॉलेजात गणित किंवा संख्याशास्त्र मायनर म्हणून असेल तर सोपा विषय शोधत बसू नये, तेच घ्यावं. पुढे एमसीए करायचं असो वा एनआयटींची निमसेट द्यायची असो, तिथे पुन्हा गणितच समोर येतं.

या धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. घरची अडचण असेल त्याच्यासाठी ही सोय चांगली आहे, पण कुणी ती मुळातच ध्येय म्हणून सांगत असेल तर ऐकू नये. अल्गोरिदम, नेटवर्क यांचा खोल भाग साधारणपणे पहिल्या वर्षानंतर येतो. त्याआधी बाहेर पडलेल्याच्या हाती कागद येतो, विद्या अर्धीच राहते.

कॉलेजात एखादा विषय नीट शिकवला जात नसेल तर त्यावरही वाट आहे. आयआयटींच्या एनपीटेलची व्याख्यानं फुकट आहेत, आणि विद्यापीठाने मान्य केलेल्या स्वयमवरच्या अभ्यासक्रमांचे क्रेडिट पदवीत धरता येतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात सी, पायथन, लिनक्सचे धडे मराठी आवाजात ऐकायला मिळतात. इंग्रजीचा धसका घेतलेल्या पहिल्या सहामाहीत त्यांचा फार आधार होतो. सकाळची लोकल कसाऱ्याहूनच सुटत असल्याने इथल्या मुलांना बसायला जागा मिळते. रात्री उतरवून ठेवलेलं एक व्याख्यान कल्याण येईपर्यंत पुरं होतं.

पैशांची आखणीही याच वेळी व्हावी. बीएस्सी सीएस आणि आयटी बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित असतात. साध्या बीएस्सीपेक्षा फी बरीच जास्त. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज मुदतीत भरले नाहीत तर वर्ष अंगावर येतं. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. मुलीसाठी बीएस्सी निवडायचं की अभियांत्रिकी, हा हिशोब त्यामुळे बदलू शकतो. अभ्यासक्रम योजनेत बसतो का ते आधी विचारावं.

सगळा भार मुलांवरच टाकणं मात्र अन्यायाचं होईल. प्रॅक्टिकल म्हणजे जर्नलमध्ये उतरवलेला कोड, ही पद्धत अनेक कॉलेजांत चालू आहे. आपला प्रोग्राम वायव्हाला बदलून चालवून दाखवायला लावला तर ती एका सहामाहीत मोडेल. लांबून येणाऱ्यांची प्रॅक्टिकल दुपारीच ठेवावीत. संध्याकाळच्या बॅचनंतर कसाऱ्याला परतणाऱ्या मुलीला स्टेशनपासून पाड्यापर्यंतचा रस्ता अंधारात चालावा लागतो. आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय शहापुरातच आहे. त्याच्या वसतिगृहांत चालू स्थितीतले संगणक, इंटरनेट आणि रात्री दहापर्यंत उघडी खोली एवढं मिळालं, तर घरी लॅपटॉप नसलेल्या मुलालाही सरावाचे तास मिळतील. पालकांनी आणि ग्रामपंचायतींनी या जूनपासून ही मागणी लेखी करावी.